परसातील मारका कोंबडा : कारणे, काळजी आणि उपाय

गेल्या पावसाळ्यात कर्जत तालुक्यात भाताच्या शिवारफेरीसाठी गेलो असताना एका वस्तीवर चहाला थांबलो होतो. बांधावरची चर्चा खोडकिडा, करपा, युरिया-ब्रिकेट अशी चालली होती. तेवढ्यात घरच्या मावशी पडवीतून म्हणाल्या, "सायेब, भाताचं मागून बघू. आदी या कोंबऱ्याचं काय करायचं ते सांगा. नातवाला अंगनात उतरू देत नाय." सगळे हसले. मावशी मात्र हसल्या नाहीत. नातू दोन वर्षांचा होता आणि त्याच्या कपाळावर ताजी खपली होती.

मी कृषिविद्या विषयाचा माणूस. माझे काम भात, वाल आणि तण यांच्याशी. तरीही त्या दिवसानंतर कर्जत आणि खालापूर तालुक्यांत जिथे जिथे जाणे झाले, तिथे हा प्रश्न मुद्दाम विचारत गेलो. नेरळ, कशेळे, कडाव, चौक या बाजूंना जवळजवळ प्रत्येक वाडीत असा एखादा कोंबडा सापडतो आणि त्याच्या भीतीने काठी घेऊन शौचास किंवा पाण्यास जाणारी बाईमाणसेही सापडतात. हा विषय लोक थट्टेवारी नेतात, म्हणून त्यावर कोणी लिहीत नाही. पण चोच आणि नखे लहान मुलाच्या डोळ्याच्या उंचीवर असतात, ही गोष्ट थट्टेची नाही. म्हणून पशुवैद्यकीय क्षेत्रातील सहकाऱ्यांशी चर्चा करून आणि स्वतःच्या घरचा अनुभव जमेस धरून ही माहिती शेतकरी बंधू-भगिनींसमोर ठेवत आहे.

कोंबडा मारका का होतो?

आपल्या परसातील कोंबडा हा रानकोंबड्याचा वंशज आहे. त्याचा मुख्य पूर्वज तांबडा रानकोंबडा. आपल्या सह्याद्रीच्या जंगलात आढळतो तो राखी रानकोंबडा. ही त्याची वेगळी भाऊबंद जात असून, गावठी कोंबडीच्या पायांचा व कातडीचा पिवळा रंग या राखी रानकोंबड्याकडून आला, असे २००८ साली झालेल्या जनुकीय अभ्यासातून दिसून आले. जंगलात नराचे काम एकच : आपली हद्द राखणे, माद्यांना धोक्याची सूचना देणे आणि दुसरा नर आला की त्याला हुसकावणे. घरचा कोंबडा हेच काम अंगणात करतो. तो दुष्ट नसतो. आपण कोण आहोत याविषयी त्याचा गैरसमज झालेला असतो.

कळपात प्रत्येक पक्ष्याची पायरी ठरलेली असते. कोणी कोणाला चोच मारायची आणि कोणी मुकाट्याने बाजूला व्हायचे, हा क्रम नॉर्वेचे शास्त्रज्ञ शेल्डरूप-एब्बे यांनी १९२१ च्या सुमारास प्रथम पद्धतशीरपणे नोंदवला. आपल्या बायाबापड्यांना तो पूर्वीपासून ठाऊक आहे. दाणे टाकले की आधी कोण येते आणि कोण कडेला उभे राहते, हे त्या न पाहता सांगतात. अडचण तेव्हा होते, जेव्हा कोंबडा घरातील माणसांनाही याच क्रमात बसवतो. मोठ्या माणसाला तो आपल्या वरचा समजेल, पण लहान मुलाला मात्र बरोबरीचा नर समजतो.

शरीरात होणारे बदलही समजून घ्यावेत. गावठी नर साधारण पाच ते सहा महिन्यांत वयात येतो. त्याची वृषणे पोटात, पाठीच्या कण्यालगत असतात. ती वाढू लागली की नरसंप्रेरक वाढते, तुरा लाल व मोठा होतो, आरवणे सुरू होते आणि झुंजण्याची ओढ येते. या वाढीवर दिवसाच्या लांबीचा परिणाम होतो. पक्ष्याला प्रकाशाची जाणीव केवळ डोळ्यांनी होते असे नाही, कवटीतून मेंदूपर्यंत पोहोचणारा प्रकाशही ती करून देतो. म्हणून माघापासून दिवस मोठा होऊ लागला की नर तापट होत जातात.

आपल्या भागातील धोक्याचा काळ

वरील माहिती आपल्या दोन तालुक्यांच्या रीतीशी जोडून पाहिली तर एक गोष्ट लक्षात येते. हिवाळ्यात निघालेली पिल्ले चैत्र-वैशाखात वयात येतात. याच पिल्लांतील नर आपण गटारीच्या बाजारासाठी राखून ठेवतो, कारण आषाढाच्या शेवटी गावठी कोंबड्याला वर्षातला चांगला भाव मिळतो. म्हणजे एरवी जिथे एक कोंबडा असतो, त्या अंगणात वैशाख ते आषाढ चार-पाच नर असतात. दिवस सर्वांत मोठा तोही याच काळात. आणि मे महिन्याच्या सुटीत मुंबई, कल्याण, डोंबिवलीकडची नातवंडे गावी येतात तीही याच काळात. त्या मुलांना कोंबडा ओळखत नाही, आणि मुलांना कोंबड्याची रीत माहीत नसते.

पुढे मृग लागला की पावसाची झड सुरू होते. दिवसचे दिवस कोंबड्या बाहेर चरायला जात नाहीत. पडवीत, माणसांच्या पायात घोटाळतात. जागा कमी, नर अधिक, खाणे एका जागी. मग भांडणे वाढणारच. इरले किंवा प्लॅस्टिकचे कापड डोक्यावर घेऊन येणारा माणूसही कोंबड्याला अनोळखी आकार वाटतो, आणि रोज दाणे घालणाऱ्या घरधनिणीवरच तो झेपावतो.

तेव्हा पहिली सूचना अशी, की ज्या घरात पाच वर्षांखालील मूल आहे किंवा येणार आहे, त्या घरी वैशाखापासून गटारीपर्यंत विक्रीचे नर मोकळे ठेवू नयेत. त्यांना बांबूच्या वेगळ्या आवारात ठेवावे. कळपासाठी नेमलेला एकच नर बाहेर सोडावा.

आमच्या घरची चूक

इथे माझ्या स्वतःच्या घरची हकिकत सांगणे योग्य होईल. आठवडी बाजारातून आम्ही एक लहान पिल्लू आणले. ते एकटेच वाढले. माझी मुलगी त्याला हातावर दाणे खाऊ घाली, खांद्यावर बसवी. ते नर निघाले तेव्हा आम्हांला आनंदच झाला. पाचव्या महिन्यात त्याने तिच्या चपलेला चोच मारली तेव्हा आम्ही हसलो. पुढच्या आठवड्यात त्याने माझ्या पोटरीवर झेप घेतली. मी रागाने त्याला लाथ मारली. तो दूर गेला, आणि मला वाटले की धडा मिळाला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. मी पुन्हा लाथ मारली. असे आठ-दहा दिवस चालले. एका सकाळी मी कामावर गेल्यावर त्याने माझ्याऐवजी मुलीला गाठले. जखम डोळ्याच्या खाली बोटभर अंतरावर होती. आज तिथे बारीक वण आहे.

यात चुका तीन झाल्या आणि त्या तिन्ही आमच्या होत्या. पहिली, पिल्लू कोंबड्यांच्या संगतीत न वाढवता माणसांत वाढवले. अशा पिलाला माणूस हाच आपला कळप वाटतो. त्यामुळे वयात आल्यावर तो झुंजतोही माणसाशीच. दुसरी, पहिली चोच हसण्यावारी नेली. तिसरी, लाथेला लाथ देत राहिलो. कोंबड्याच्या भाषेत लाथ म्हणजे शिक्षा नव्हे. समोरच्या नराने झुंज स्वीकारली, एवढाच त्याचा अर्थ. मी रोज त्याच्याशी झुंजत होतो, आणि मी नसताना त्याने घरातला सर्वांत लहान गडी निवडला.

हल्ल्यापूर्वीची लक्षणे

कोंबडा सहसा सूचना दिल्याशिवाय झेप घेत नाही. पुढील लक्षणे घरातील सर्वांना, विशेषतः शाळकरी मुलांना दाखवून ठेवावीत :

१) मान खाली घालून मानेभोवतीची पिसे फुलवणे.
२) एक पंख जमिनीकडे सोडून तिरक्या चालीने अर्धवर्तुळात फिरणे. कोंबडीभोवती तो हीच चाल खेळतो, परंतु माणसाभोवती खेळू लागला तर ते आव्हान समजावे.
३) काही खायचे नसताना काडी-कचरा टोचणे आणि मधूनमधून आपल्याकडे पाहणे.
४) आपण पाठ फिरवली की मागे मागे येणे.
५) पायातील चप्पल, झाडू, बादली यांना चोच मारणे.

याउलट दाणा सापडला की "कुक् कुक्" करून कोंबड्यांना बोलावणे, घार दिसताच विशिष्ट आवाज काढणे, मुंगूस किंवा कुत्रा आला की कलकलाट करणे, अनोळखी माणूस आल्यावर कोंबड्यांच्या व त्याच्या मध्ये उभे राहणे ही चांगल्या राखणदाराची लक्षणे आहेत. आपल्याकडे घरे रानाला लागून आहेत. मुंगूस, रानमांजर, शिक्रा यांचा त्रास नेहमीचा. त्यामुळे सावध कोंबड्याला मारका ठरवून काढून टाकू नये. अंतर राखून ओरडणारा आणि अंगावर धावून येणारा, हा फरक ओळखावा.

प्रसंग ओढवल्यास काय करावे?

कोंबडा अंगावर आलाच तर पळू नये. पळणाऱ्याचा तो पाठलाग करतो आणि पाठमोऱ्या माणसाच्या पोटरीत पायाचा काटा रुतवतो. जागेवर स्थिर उभे राहावे. हातात सूप, पत्र्याचे झाकण, टोपली, गोणपाट असे जे रुंद असेल ते त्याच्या व आपल्या मध्ये धरावे. त्याने मारायचे नाही, फक्त आडोसा करायचा आणि सावकाश त्याच्या दिशेने एक-दोन पावले टाकायची. तो बाजूला झाला, चरायला लागला किंवा त्याने मान फिरवली की आपणही थांबावे. काठीचा प्रहार, लाथ, दगड, पाण्याचा मारा हे टाळावे. त्यामुळे एखादा कोंबडा पळतो, पण दुसरा अधिक चवताळतो. शिवाय पक्ष्याचा पाय मोडून नुकसान होते ते निराळेच.

धावून आल्यावर त्याला शांत करण्यासाठी दाणे फेकण्याची सवय पुष्कळांना आहे. ही मोठी चूक होय. झेप घेतली की दाणे मिळतात, असे तो शिकतो. दाणे टाकायचे तर तो शांत असताना, ठरलेल्या वेळी आणि जमिनीवर टाकावेत. हातावर खाऊ घालू नये.

लहान मूल असेल तर एकच नियम : मुलाला ताबडतोब उचलून घ्यावे, मग कोंबड्याचे पाहावे.

जखमेची काळजी

चोचीपेक्षा पायाच्या मागील काट्याची जखम अधिक वाईट. तोंड लहान पण आत खोल, आणि काट्याला उकिरड्याची माती लागलेली असते. अशी जखम वाहत्या पाण्याने व साबणाने दहा ते पंधरा मिनिटे धुवावी. स्वच्छ कापड बांधून प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनबाबत डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. माती, शेण, चुना, चहापूड यांपैकी काहीही जखमेत भरू नये. पिसाळण्याचा रोग पक्ष्यांपासून होत नाही. तो कुत्रा, मांजर, माकड अशा सस्तन प्राण्यांकडून होतो. तेव्हा त्या भीतीने घाबरून जाऊ नये, पण त्या कारणाने दवाखाना टाळूही नये.

डोळ्याला किंवा डोळ्याजवळ लागले असल्यास चोळू नये, दाबून पट्टी बांधू नये. मध, दूध, झाडपाल्याचा रस असे काही घालू नये. डोळ्यावर दाब पडणार नाही अशा बेताने स्वच्छ वाटीसारखे झाकण धरून थेट तालुक्याच्या रुग्णालयात न्यावे. वरून जखम लहान दिसत असली तरी थांबू नये.

ज्यांच्या पायावर फुगलेल्या निळ्या शिरा आहेत, त्यांनी विशेष जपावे. लावणीत आणि बांधावर वर्षानुवर्षे उभ्याने काम केलेल्या अनेक वडीलधाऱ्यांच्या पायांवर अशा शिरा दिसतात. ऑस्ट्रेलियात अंडी गोळा करणाऱ्या ७६ वर्षांच्या एका महिलेच्या अशाच शिरेवर कोंबड्याची चोच बसली आणि रक्तस्रावाने तिचा मृत्यू झाला, अशी नोंद २०१९ साली वैद्यकीय लिखाणात प्रसिद्ध झाली. असे प्रसंग अत्यंत विरळ असतात. पण उपाय सोपा असल्याने तो माहीत असावा : माणसाला ताबडतोब आडवे करावे, पाय उंच धरावा, जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून ठेवावे आणि मदतीस हाक मारावी. उभे राहून किंवा चालत जाऊ नये.

सुधारणेचा पंधरा दिवसांचा प्रयत्न

ज्या कोंबड्याने अद्याप कोणाला गंभीर इजा केलेली नाही, त्याला एक संधी देण्यास हरकत नाही. पद्धत अशी :

पहिले तीन दिवस : कोंबड्याला रात्री पकडावे. अंधारात पक्ष्याला नीट दिसत नाही, त्यामुळे तो विरोध करत नाही. पंखांखाली, शेपटीच्या मुळाशी उवा, पिसवा किंवा गोचिडी आहेत का ते बॅटरीच्या उजेडात पाहावे. पाय सुजला आहे का, जुनी जखम आहे का, तेही तपासावे. दुखऱ्या किंवा किडींनी हैराण झालेल्या पक्ष्याचा स्वभाव चिडका होतो. तसे आढळल्यास पशुवैद्यकीय दवाखान्यातून औषध घ्यावे. पिकावरचे कीटकनाशक पक्ष्याच्या अंगावर कधीही वापरू नये. नंतर त्याला वेगळ्या आवारात ठेवावे.

याच वेळी पायाचा काटा बोथट करावा. काट्याच्या बाहेर नखासारखे कवच आणि आत जिवंत हाड असते. म्हणून काटा मुळापासून छाटू नये. फक्त टोक कानशीने घासून गोल करावे. रक्त आलेच तर तुरटी लावून कापडाने दाबून धरावे.

चौथा ते दहावा दिवस : घरातील एकाच प्रौढ व्यक्तीने त्याला दाणापाणी द्यावे. आवारात शिरताना आडोसा हाती असावा. घाई, आरडाओरडा नको. दाणे भांड्यात किंवा जमिनीवर घालून काही वेळ तिथेच आपले काम करत राहावे. तो अंतर राखून खाऊ लागला म्हणजे पहिली पायरी साधली.

अकरावा ते पंधरावा दिवस : मुले शाळेत किंवा अंगणवाडीत गेल्यावर त्याला कोंबड्यांसह तासभर मोकळे सोडावे. प्रौढ माणूस जवळ असावा. किती वेळा धावून आला, कोणावर आला, त्या वेळी तो माणूस काय करत होता, याची रोज वहीत नोंद करावी. भाताच्या खाचरात किडींची संख्या मोजल्याशिवाय आपण फवारणी ठरवत नाही, तसेच इथेही मोजून ठरवावे. अंदाजाने ठरवू नये.

पंधरा दिवसांत संख्या स्पष्टपणे कमी झाली तर कोंबडा ठेवावा, मात्र मुले अंगणात असताना तो आवारातच असावा. संख्या कमी झाली नाही तर प्रयत्न थांबवावा. आणि ज्या कोंबड्याने मुलाच्या तोंडावर झेप घेतली, त्याला ही संधीही देऊ नये.

कळपाची रचना सुधारा

पुष्कळदा दोष कोंबड्यापेक्षा मांडणीत असतो. आठ ते दहा कोंबड्यांमागे एक नर पुरेसा होतो. तीन-चार कोंबड्यांत दोन नर असले की नर भांडतात, कोंबड्यांच्या पाठीची पिसे जातात आणि अंडी घटतात. रात्रीच्या खुराड्यात दर पक्ष्यास एक ते दीड चौरस फूट, आणि पावसात दिवसभर कोंडावे लागत असल्यास दोन ते अडीच चौरस फूट जागा असावी. खाली भाताचे तूस पसरावे, ते ओले झाले की बदलावे. दाणा व पाणी दोन-तीन ठिकाणी ठेवावे, म्हणजे एकच नर सर्व भांडी अडवून बसणार नाही. नरांसाठी केलेले बांबूचे आवार सहा फूट उंच असावे, वर जाळे किंवा काट्या टाकाव्यात.

पायाला दोरी बांधून कोंबडा खुंट्याला अडकवण्याची रीत टाळावी. पाय कापला जातो, आणि मुंगूस आल्यास त्याला पळताही येत नाही. काहीजण विचारतात, "बैलासारखा खच्ची करता येईल का?" बैलाची वृषणे बाहेर असल्याने चिमटा लावता येतो. कोंबड्याची पोटात असतात. त्यासाठी शस्त्रक्रिया लागते. घरी असा प्रयोग कदापि करू नये.

कोंबडा काढायचा ठरल्यास

मारका कोंबडा विकताना घेणाऱ्याला त्याचा स्वभाव स्पष्ट सांगावा. आपल्या घरचा धोका दुसऱ्याच्या लेकरावर घालणे बरे नव्हे. खाण्यासाठी विकणे किंवा घरी वापरणे हा सरळ मार्ग आहे. झुंजीसाठी मात्र देऊ नये. प्राण्यांच्या झुंजी लावणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. रानातही सोडू नये. दोन दिवसांत तो मुंगसाच्या तोंडी जातो, किंवा घरच्या कोंबड्यांचे रोग रानपक्ष्यांना देतो.

काही घरी असा कोंबडा गावदेवीला किंवा राखणीला बोललेला असतो, त्यामुळे तो विकता वा कापता येत नाही. श्रद्धेचा मान राखूनही मार्ग निघतो. नेमलेल्या दिवसापर्यंत त्याला प्रशस्त आवारात ठेवावे, अंगणात सोडू नये. पुढच्या खेपेस बोलतानाच शांत नर निवडावा.

शेतघरांवर राखणीला असलेल्या कुटुंबांनीही काळजी घ्यावी. शनिवार-रविवारी मालकांचे पाहुणे व मुले येतात. त्या दोन दिवशी कोंबडा बंदच ठेवावा. अपघात झाला तर बोल राखणदारावरच येतो.

नवा कोंबडा : बियाणे निवडावे तसा निवडा

भाताचे बी राखताना आपण शेतातील निरोगी, भरदार लोंब्या निवडतो. कळपात नर म्हणजे अर्धे बियाणे. सर्व पिल्लांत निम्मा वाटा त्याचा असतो, आणि तापटपणा काही अंशी वंशाने उतरतो. तेव्हा मारक्या कोंबड्याची अंडी रवणीला ठेवू नयेत.

इथे एक बारकावा ध्यानात घ्यावा. कोंबडा काढल्यानंतरही कोंबडीच्या शरीरात त्याचे बीज साठून राहते आणि दोन ते तीन आठवडे फळलेली अंडी मिळू शकतात. म्हणून जुना कोंबडा गेल्यावर तीन आठवडे अंडी खाण्यासाठी किंवा विक्रीसाठी वापरावीत. त्यानंतर नव्या नराची अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवावीत. अन्यथा २१ दिवसांनी निघणारी पिल्ले जुन्याच स्वभावाची येतील, आणि दोष नव्या कोंबड्याला लागेल.

नवा नर निवडताना पुढील गोष्टी पाहाव्यात :

१) तो आईच्या पंखाखाली व कळपात वाढलेला असावा. हातावर वाढवलेला नर घेऊ नये.
२) त्याचा बाप शांत होता का, हे प्रत्यक्ष घरी जाऊन पाहावे.
३) माणूस जवळ गेल्यावर तो बाजूला होणारा असावा. तीन-चार महिन्यांचा असतानाच अंगावर येणारा नर टाळावा.
४) आपल्याच कळपातील नर पिढ्यान्‌पिढ्या वापरू नये. दुसऱ्या गावाशी अदलाबदल करावी.
५) आणलेला पक्षी दोन ते तीन आठवडे वेगळा ठेवावा आणि मानमोडीची लस टोचून घ्यावी. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला बर्ड फ्लूचे संकट आले, तेव्हापासून बाहेरचा पक्षी थेट कळपात सोडणे किती महाग पडू शकते हे आपण जाणतोच.

गिरिराज, वनराज यांसारख्या सुधारित पक्ष्यांचे नर गावठीपेक्षा वजनदार होतात. स्वभाव शांत असला तरी त्यांची झेप जड पडते. ते संकरित असल्याने त्यांच्या अंड्यांतून पुन्हा तशीच पिल्ले मिळत नाहीत. आपल्या कर्जतच्या केंद्राने दिलेल्या सह्याद्री या संकरित भाताचे बी जसे दरवर्षी नवे घ्यावे लागते, तसेच हे होय.

ज्यांना पिल्ले काढायची नाहीत, त्यांना कोंबड्याची गरजच नाही. कोंबडी नराशिवायही अंडी देते. अशा अंड्यांत जीव धरत नसल्याने वैशाखाच्या उन्हात ती अधिक टिकतात. बाजारात अंडी विकणाऱ्या भगिनींना हे फायद्याचे आहे. घरात लहान मूल असेल तेवढी दोन-तीन वर्षे नर न ठेवता केवळ कोंबड्या ठेवाव्यात. राखणीची उणीव चांगले खुराडे आणि वेळेवर दार लावणे यांनी भरून निघते.

निर्णय कोणी घ्यावा?

आपल्याकडे कोंबड्या बहुधा घरच्या बाईच्या असतात. मीठ-मिरची, वह्या-पुस्तके, औषधपाणी यांचा खर्च त्या अंड्यांतून निघतो. कोंबड्याचा त्रासही तिलाच, कारण अंगणात दिवसभर तीच असते. पण विकायचा की ठेवायचा हे मात्र पुष्कळदा घरातील पुरुष ठरवतात, आणि "गटारीपर्यंत थांबू, भाव येईल" म्हणून दिवस ढकलतात. थांबण्यात मिळणारे चार पैसे आणि मुलाचा डोळा यांची तुलना होऊ शकत नाही. ज्याच्या अंगावर कोंबडा येतो, त्याच्या शब्दाला घरात वजन असावे, एवढीच विनंती.

सुरुवातीला उल्लेख केलेल्या मावशींच्या घरी पुढच्या फेरीत गेलो, तेव्हा खुराड्याजवळ बांबूचे नवे आवार उभे होते. कोंबडा विकून टाकला होता, गटारीच्या पंधरा दिवस आधीच. "भाव कमी आला," असे मावशींचे यजमान म्हणाले. मावशींनी काही उत्तर दिले नाही. नातू अंगणात मातीत खेळत होता, आणि त्याच्या आसपास सहा कोंबड्या चरत होत्या.

थोडक्यात लक्षात ठेवा

• पहिली चोच हसण्यावारी नेऊ नका, आणि लाथेने उत्तर देऊ नका.
• वैशाख ते आषाढ विक्रीचे नर वेगळ्या आवारात ठेवा.
• आठ-दहा कोंबड्यांमागे एकच नर ठेवा.
• काटा बोथट करा, मुळापासून छाटू नका.
• डोळ्याजवळची जखम म्हणजे थेट रुग्णालय.
• मुलाच्या तोंडावर आलेला कोंबडा त्याच दिवशी बंद करा आणि काढून टाका.
• मारक्या कोंबड्याची अंडी रवणीला ठेवू नका. नवा नर आणल्यावर तीन आठवडे थांबा.